'द एक्झॉर्सिस्ट ३': पाहण्याआधीचे आणि पाहून झाल्यावरचे प्रश्न

१९९० सालचा हा भयपट कुणाला सुचवला की ठरावीक प्रश्न येतातच. आधीचे प्रश्न सिनेमा न पाहिलेल्यांसाठी आहेत, त्यांत रहस्य फुटणार नाही. पुढे जिथे फुटतं तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

पहिला 'एक्झॉर्सिस्ट' पाहिलेला नाही. थेट तिसरा लावला तर चालेल का?

चालेल, पण मजा अर्ध्यावर येईल. १९७३ चा विल्यम फ्रीडकिनचा सिनेमा आधी पाहिलात तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर इतकंच लक्षात ठेवा: वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात रेगन नावाच्या लहान मुलीला सैतान झपाटतो. दोन पाद्री तो उतरवायला येतात. त्यांतला तरुण पाद्री, फादर डेमियन कॅरस, शेवटी सैतानाला आव्हान देऊन स्वतःच्या अंगात ओढून घेतो आणि खिडकीतून उडी टाकतो. घराशेजारच्या दगडी पायऱ्यांवरून गडगडत खाली जातो आणि मरतो. मेला हे पक्कं ध्यानात असू द्या, तिसऱ्या भागाचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

आणि दुसरा भाग?

सोडून द्या. टोळधाड, रिचर्ड बर्टन आणि संमोहनाचं लुकलुकणारं यंत्र हे सगळं एकाच सिनेमात बघायची हौस असेल तर जॉन बूरमनचा १९७७ चा तो भाग जरूर पाहा, पण तिसऱ्याच्या दृष्टीने तो घडलेलाच नाही. तिसरा भाग लिहिला आणि दिग्दर्शित केला तो विल्यम पीटर ब्लॅटीने. १९७१ ची मूळ कादंबरी त्याची, पहिल्या सिनेमाच्या पटकथेचं ऑस्करही त्याचंच. बूरमनच्या भागाकडे त्याने सरळ पाठ फिरवली आणि १९८३ साली आलेल्या स्वतःच्या 'लिजन' या कादंबरीवरून हा सिनेमा केला.

गोष्ट थोडक्यात?

कॅरसच्या मृत्यूला १५ वर्षं झाली आहेत. जॉर्जटाउनमध्ये एका कृष्णवर्णीय मुलाचा विचित्र, निर्घृण खून होतो. मग एका पाद्र्याचा. मग आणखी. खुनाची पद्धत 'जेमिनी किलर' नावाच्या खुन्याशी तंतोतंत जुळते, अगदी पोलिसांनी वर्तमानपत्रांपासून मुद्दाम लपवलेल्या खुणांसकट. अडचण एवढीच, की जेमिनीला विजेच्या खुर्चीवर बसवून १५ वर्षं उलटली आहेत. तपास करतोय लेफ्टनंट किंडरमन, पहिल्या भागातलाच पोलीस अधिकारी, आता म्हातारा, चिडका आणि देवावर राग धरून बसलेला. तपास एका इस्पितळाच्या मनोरुग्ण विभागापर्यंत येतो. तिथल्या कुलूपबंद खोलीत एक बेवारस रुग्ण आहे. त्याचा चेहरा किंडरमनच्या ओळखीचा निघतो.

म्हणजे वरवर पाहता ही पोलीस तपासाची गोष्ट आहे. भूतपट म्हणून बसलात तर पहिला पाऊण तास तुम्ही घड्याळ बघाल. खुन्याच्या मागावरचा सिनेमा म्हणून बसलात तर मध्येच मानेवर काटा येईल, आणि तो का आला हे लगेच कळणार नाही.

खरंच भीती वाटते, की नुसतं नाव मोठं?

वाटते, पण दचकवणारी भीती फार कमी. रक्तही जवळजवळ दिसत नाही. पहिल्या मुलाचं काय केलं हे कॅमेरा दाखवतच नाही. किंडरमन आपल्या मित्राला, फादर डायरला, उपाहारगृहात बसून ते सांगतो. आजूबाजूला लोक जेवताहेत, आणि हा माणूस एकेक तपशील असा काढतो की जणू दात उपटून घेतोय. दुसरा खून चर्चमधल्या कबुलीच्या खोपट्यात होतो. तिथेही दिसतं काय, तर जाळीपलीकडची अंधुक आकृती. ऐकू येतं ते म्हातारीसारखं किरटं बोलणं, आपल्या पापांची यादी, आणि मधूनच खुसखुसणं.

ब्लॅटी मुळात लेखक. कॅमेऱ्यापेक्षा शब्दांवर त्याचा भरवसा जास्त. हे या सिनेमाचं बळ आहे आणि काही ठिकाणी दुखणंही.

लोक त्या इस्पितळातल्या बोळाबद्दल एवढं का बोलतात?

कारण तो प्रसंग भयपटांच्या इतिहासातल्या सर्वांत नेमक्या धक्क्यांपैकी एक आहे. ज्यांना तो कोरा पाहायचा आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडा.

रात्रपाळी. कॅमेरा लांबलचक बोळाच्या एका टोकाला ठेवून दिलेला, हलत नाही. पलीकडे परिचारिकेचं टेबल, दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं. संगीत नाही. परिचारिकेला कसलासा आवाज येतो. ती एका खोलीत जाऊन बघते, तर पेल्यातला बर्फ तडकतोय. हुश्श. तेवढ्यात पलंगावरचा रुग्ण खाडकन उठून तिच्यावर खेकसतो. आपण दचकतो, मग स्वतःवरच हसतो. झाला धक्का, आता सुटलो. कॅमेरा पुन्हा आपल्या जागी. पोलीस येतो, दोन शब्द बोलतो, निघून जातो. ती समोरच्या खोलीत डोकावते, बाहेर येते, दार लावते, वळून चालू लागते.

आणि तिच्या मागोमाग त्याच दारातून पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी झपझप बाहेर येतं. हातात हाडं कापायची भलीमोठी कात्री, नेमकी मानेच्या उंचीवर धरलेली. इतका वेळ गप्प उभा असलेला कॅमेरा पहिल्यांदाच पुढे झेपावतो, आवाज किंचाळतो, आणि दृश्य तुटून पडद्यावर येतो मुंडकं नसलेला पुतळा. खून दाखवलेलाच नाही.

हे जमलं कशामुळे? आधीच्या खोट्या धक्क्यामुळे, आणि अंतरामुळे. हल्लीच्या सिनेमात कॅमेरा बाईच्या चेहऱ्याला चिकटतो, मग आपल्याला कळतं की मागे कोणीतरी येणार. इथे चौकट एवढी रिकामी आहे की नजर कुठे ठेवायची हेच कळत नाही. आणि हो, आधी एका साध्या प्रसंगात ती कात्री आपल्याला दाखवून ठेवलेली असते. पुन्हा पाहाल तेव्हा तो प्रसंग हसून घालवता येत नाही.

संथ आहे असं ऐकलं. खरं का?

हो. पण संथपणातही दोन प्रकार आहेत. किंडरमन आणि डायर यांची मैत्री हा चांगला प्रकार. कॅरसच्या स्मृतिदिनी दोघंही एकत्र सिनेमाला जातात, आणि जाताना प्रत्येकजण आपापल्या माणसांना सांगतो की आज त्या बिचाऱ्याचं मन उदास असतं, त्याला जरा बरं वाटावं म्हणून जातोय. मग तो प्रसिद्ध माशाचा किस्सा. किंडरमनची सासू घरी आलीय, तिने जिवंत कार्प मासा आणून न्हाणीघराच्या टबात सोडलाय, शुद्ध व्हावा म्हणून. तीन दिवस मासा टबात वर-खाली, वर-खाली. किंडरमनला अंघोळ नाही. मासा झोपल्याशिवाय मी घरी जाणार नाही, असं तो अत्यंत गंभीरपणे सांगतो. भयपटात हे कशाला, असं वाटेल. पण पुढे डायरवर वेळ येते तेव्हा आपल्याला जे तुटतं ते या माशामुळेच.

वाईट प्रकारचा संथपणा म्हणजे मध्यंतरानंतरची इस्पितळातली चौकशी. डॉक्टर, परिचारिका, पुन्हा डॉक्टर. डॉ. टेम्पल हे पात्र सारख्या सिगारेटी ओढत घाबरून का असतं याचा खुलासा अर्धवटच होतो.

किंडरमनचा नट वेगळा का वाटतो?

वेगळाच आहे. पहिल्या भागात ली जे. कॉब होता, तो १९७६ मध्ये गेला. इथे जॉर्ज सी. स्कॉट आहे, 'पॅटन'साठी मिळालेलं ऑस्कर नाकारणारा तोच. कॉबचा किंडरमन लाघवी, गोड बोलून खोदून काढणारा होता. स्कॉटचा किंडरमन भडकतो. त्याच्या या आरडाओरड्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनयाचं राझी नामांकन मिळालं. मला ते पटत नाही. एका प्रसंगात तो आपला कशाकशावर विश्वास आहे याची यादी ओरडून सांगतो, रोग, अन्याय, क्रौर्य... तो अभिनय मोठा आहे, मान्य. पण १५ वर्षं गिळलेला राग बारीक आवाजात निघत नसतो.

फादर डायरही बदललाय. पहिल्या भागात ती भूमिका खऱ्याखुऱ्या पाद्र्याने केली होती, इथे एड फ्लँडर्स आहे, आणि तो या सिनेमातला सर्वांत गोड माणूस आहे.

जेमिनी किलर खरा होता का?

नाही, पण त्याच्यामागे सत्य आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'झोडिअक' या नावाने पत्रं पाठवणारा खुनी होता. तो कधीच सापडला नाही. जेमिनी त्याच्यावर बेतलेला आहे. गंमत, किंवा अंगावर येणारा योगायोग म्हणा, पण जानेवारी १९७४ मध्ये झोडिअकच्या नावाने आलेल्या पत्रात पहिल्या 'एक्झॉर्सिस्ट'ची तारीफ होती. खुन्याने सिनेमाबद्दल लिहिलं, आणि सिनेमाच्या लेखकाने खुन्याला पुढच्या भागात आणून बसवलं.

स्वप्नातलं ते रेल्वे स्टेशन काय प्रकार आहे?

किंडरमनला पडलेलं स्वप्न. स्वर्ग म्हणजे मोठं प्रतीक्षालय, मेलेले लोक गाडीची वाट बघताहेत, देवदूत ये-जा करताहेत, वाद्यवृंद वाजतोय. नीट बघाल तर ओळखीची माणसं दिसतील: आंधळ्याच्या भूमिकेत सॅम्युएल एल. जॅक्सन (आवाज मात्र दुसऱ्याचा), देवदूतांमध्ये बास्केटबॉलपटू पॅट्रिक यूइंग, आणि प्रणयकादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवरचा मॉडेल फाबिओ. यातला फाबिओ बघून हसू येणार, त्याला इलाज नाही. पण त्याच गर्दीत खून झालेला मुलगा बसलेला असतो, मानेवर टाके घातलेले. हसू जिथल्या तिथे विरतं.

इथून पुढे रहस्य फुटणार का?

फुटणार. पाहिला नसेल तर इथे थांबा आणि शेवटचे दोन प्रश्न तेवढे वाचा.

खोलीतल्या रुग्णाचा चेहरा सारखा का बदलतो? मला वाटलं संपादनात चूक झाली.

चूक नाही, पण सुरुवातीचा बेतही तो नव्हता. कथेप्रमाणे कॅरस मरत असताना सैतानाने सूड म्हणून जेमिनीचा आत्मा त्याच्या देहात घुसवला. मेंदू सुधारायला १५ वर्षं लागली, आणि आता तो तिथल्याच भ्रमिष्ट म्हाताऱ्या रुग्णांची शरीरं वापरून बाहेर खून करतो. किंडरमनला दिसतो कॅरस, म्हणजे जेसन मिलर. आपल्याला मधूनच दिसतो आतला खुनी, म्हणजे ब्रॅड डुरिफ.

ब्लॅटीने आधी सगळी भूमिका एकट्या डुरिफकडून करून घेतली होती. मग निर्मात्यांना पहिल्या भागाचा मूळ चेहरा हवासा झाला. मिलरला बोलावलं, पण त्याला ती पानभर स्वगतं झेपेनात. तेव्हा डुरिफकडून तीच स्वगतं पुन्हा करून घेतली आणि दोघांना एकाच रुग्णात बसवलं. अशी तडजोड एरवी सिनेमा मारते. इथे तिने सिनेमा वाचवला. मिलरचा थकलेला, खप्पड चेहरा आणि त्याच कोपऱ्यातून डुरिफचे पाणीदार डोळे: एक माणूस आत कोंडलाय आणि दुसरा त्याच्या घरात मजेत राहतोय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

डुरिफचं काम वेगळं नोंदवायला हवं. बाहुला खुनी असलेल्या त्या भयपटमालिकेत बाहुल्याचा आवाज याचाच. इथे तो जखडलेला, भिंतीला टेकून बसलेला, आणि नुसता बोलतो. सक्सिनिलकोलिन हे औषध किती द्यायचं, म्हणजे स्नायू लुळे पडतात पण शुद्ध राहते; माणसाचं सगळं रक्त एकही थेंब न सांडता कसं काढायचं. हे तो कुणी पाककृती सांगावी तसं सांगतो. कुजबुजतो, मध्येच गर्जतो, आणि पुन्हा लाजल्यासारखा हसतो. त्याचे हे प्रसंग पाहण्यासाठी बाकीचे सगळे दोष माफ.

के या अक्षराची भानगड काय?

जेमिनीच्या बापाचं नाव कार्ल. बापावरचा राग तो के अक्षराची नावं असलेले बळी निवडून काढतो. किंट्री, कॅनव्हन, कीटिंग. डायरच्या मधल्या नावातही के आहे.

शेवट बाकीच्या सिनेमाशी जुळत का नाही? तो फादर मॉर्निंग कोण?

कारण शेवट दुसऱ्यांच्या सांगण्यावरून शिवलेला आहे. ब्लॅटीच्या मूळ सिनेमात सैतान उतरवायचा विधीच नव्हता. किंडरमन खोलीत जातो आणि रुग्णाला गोळी घालतो. संपलं. पण मॉर्गन क्रीक या निर्मितीसंस्थेने नावात 'एक्झॉर्सिस्ट' घालायचा आग्रह धरला (ब्लॅटीला 'लिजन' हवं होतं), आणि नाव लावल्यावर विधी हवाच, हे ओघानेच आलं. मग काही दशलक्ष डॉलर खर्चून नवा शेवट चित्रित झाला. जमीन फाटते, विजा चमकतात, साप येतात, पाद्री छताला चिकटतो.

निकोल विल्यमसनसारख्या ताकदीच्या नटाला आणून फादर मॉर्निंग हे पात्र घुसडलं. मध्येच एकदा त्याच्या खोलीत वारा सुटतो, भिंतीवरचा क्रूस पडतो, आणि नंतर तो एकदम इस्पितळात हजर. किंडरमनची आणि त्याची ओळख नाही, त्याला कोणी बोलावलेलं नाही. संपूर्ण सिनेमा न दाखवता घाबरवत आला, आणि शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत सगळं दाखवून मोकळा झाला. सिनेमाचा सर्वांत मोठा दोष हाच.

तरी एक कबूल करायला हवं. भिंतीला खिळलेला किंडरमन आणि काही क्षणांपुरता शुद्धीवर आलेला, गोळी घाल म्हणून विनवणारा कॅरस, हा तुकडा त्या सगळ्या गोंधळातही काळजाला लागतो. आणि सैतानाच्या आवाजात मिसळलेला एक आवाज कॉलीन ड्यूहर्स्टचा आहे, म्हणजे स्कॉटच्या पूर्वाश्रमीच्या बायकोचा. दोघांनी एकमेकांशी दोनदा लग्न करून दोनदा घटस्फोट घेतला होता.

आणखी कोणत्या गोष्टी खटकतात?

किंडरमन आणि कॅरस जिवलग मित्र होते असं हा सिनेमा गृहीत धरतो, भिंतीवर दोघांचा फोटोही आहे. पहिल्या भागात त्यांची गाठ जेमतेम पडते. शेवटाकडे किंडरमनच्या घरी मुलीवर हल्ला होतो, तो प्रसंग सुरू भन्नाट होतो आणि फुसका संपतो. आणि डोळे उघडणारी मूर्ती नसती तरी सुरुवात तितकीच चांगली झाली असती.

छतावरून सरपटणाऱ्या म्हातारीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. किंडरमन खालून चालत जातो, त्याला पत्ताही नसतो, वर ती सुळकन निघून जाते. काहीजण याला हसतात. त्यांनी रात्री एकदा पाहावं.

दिग्दर्शकाची मूळ आवृत्ती मिळते का? कोणती आधी पाहावी?

मूळ फिल्मचे तुकडे हरवले. २०१६ मध्ये स्क्रीम फॅक्टरी या कंपनीने उरलेल्या व्हीएचएस फितींवरून ब्लॅटीच्या मूळ आराखड्याच्या जवळ जाणारी आवृत्ती जुळवली. तिच्यात मिलर नाही, विधी नाही, शेवट तडकाफडकी. पण फितींवरून घेतलेल्या तुकड्यांचा दर्जा इतका खालचा आहे की स्वच्छ चित्रातून मध्येच धुरकट चित्रात गेल्यावर लय तुटते.

आधी चित्रपटगृहातली आवृत्तीच पाहा. नंतर कुतूहल म्हणून दुसरी. मूळ शेवट जास्त प्रामाणिक आहे, पण कोरडा आहे. दोन्ही शेवट पाहिले की वाटतं, तिसरा कोणीतरी लिहायला हवा होता. ब्लॅटी जानेवारी २०१७ मध्ये गेला, त्यामुळे तो विषय मिटला.

तेव्हा लोकांना आवडला होता का?

फार नाही. ऑगस्ट १९९० मध्ये लागला, अमेरिकेत सुमारे २६ दशलक्ष डॉलर कमावले. बुडाला नाही, गाजलाही नाही. दुसऱ्या भागाने पोळलेले प्रेक्षक मुळातच साशंक होते. नाव जोडीला नसतं तर कदाचित लोकांनी तो वेगळ्या नजरेने पाहिला असता, आणि नाव नसतं तर कदाचित कोणी तिकीटच काढलं नसतं. ब्लॅटीला लेखनाचा सॅटर्न पुरस्कार (विज्ञानपट-भयपटांसाठीचा) मिळाला. बाकी कीर्ती व्हीएचएसच्या भाड्याच्या कॅसेटींनी आणि नंतर त्या बोळाच्या क्लिपने मिळवून दिली. क्लिप मात्र आधी पाहू नका. तो प्रसंग आधीच्या शांततेवर उभा आहे, नुसती क्लिप म्हणजे विनोदाची शेवटची ओळ.

पायऱ्या खऱ्या आहेत का?

हो, जॉर्जटाउनमध्ये प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवरून एम स्ट्रीटकडे उतरतात. ७५ आहेत, उभ्या आणि अरुंद. २०१५ पासून तिथे फलकही आहे. अमेरिकेत असलेले मराठी लोक वॉशिंग्टनला गेले की व्हाइट हाउस, स्मारकं आणि संग्रहालयं उरकून परततात. वाट थोडी वाकडी करून संध्याकाळी इथे जायला हरकत नाही. बहुतेक वेळा व्यायाम करणारे लोक वर-खाली धावताना दिसतील, त्यामुळे फार भिऊ नका.

मुलांसोबत पाहता येईल का?

लहान मुलांसोबत नको. रक्त कमी असलं तरी वर्णनं भयंकर आहेत, आणि पहिला बळी लहान मुलगाच आहे. कॉलेजातल्या मुलांना खुशाल दाखवा, ती पहिला अर्धा तास मोबाइल बघतील आणि डुरिफ बोलायला लागला की मोबाइल खाली ठेवतील.

कसा पाहावा?

सिनेमा १ तास ५० मिनिटांचा आहे, रात्री जेवणं झाल्यावर सुरू केला तरी वेळेत संपतो. सबटायटल लावा, स्कॉट पुटपुटतो आणि डुरिफ कुजबुजतो, दोघांचं एकही वाक्य चुकवण्यासारखं नाही. आवाज मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन किंवा बरा टीव्ही असू द्या. फक्त बोळाचा प्रसंग येईल तेव्हा आवाज थोडा कमी ठेवा, शेजारी झोपलेले असतील.